माझा पिन माझ्या लेकीला का माहीत असावा?
मोबाइल बँकिंगची ॲप्स चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मोबाइल बँकिंग आणि यूपीआयची ॲप्स चालवणाऱ्या बँकांचे व कंपन्यांचे अधिकारी,
तसंच ती ॲप्स बनवणारे सर्व तंत्रज्ञ

स. न. वि. वि.

मी साताऱ्याला राहते. एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून एकोणीस वर्षं नोकरी करते आहे. मी पूर्ण अंध आहे, माझे यजमानही पूर्ण अंध आहेत. घरात दिसणारं माणूस एकच, आमची मुलगी. ती सहावीत आहे.

पगार झाला की दर महिन्याला मी चार कामं बसल्या जागी उरकते. वीजबिल, गॅस, गावाकडे सासूबाईंना पैसे आणि मुलीच्या क्लासची फी. पाच-सहा वर्षं हे सगळं मी माझ्या फोनवरून, माझ्या हातानं करत आले. गेल्या महिन्यात बँकेचं ॲप रात्रीत आपोआप अपडेट झालं. सकाळी उघडलं तर पिन टाकायच्या जागी नवा कीपॅड. काचेवर बोट फिरवलं, फोन गप्प. वर फिरवलं, खाली फिरवलं, डावीकडून उजवीकडे एकेक खूण सरकवत गेले. फोनमधला टॉकबॅक, जो मला पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, तो "पिन टाका" एवढं म्हणाला आणि पुढे एक अक्षर नाही.

जुन्या सवयीच्या अंदाजानं तीनदा आकडे दाबून पाहिले. तिन्ही वेळा चुकले, आणि ॲप दुसऱ्या दिवसापर्यंत बंद झालं. का चुकले ते मुलीनं पाहिल्यावर कळलं. सुरक्षेसाठी म्हणून आकडे दर वेळी जागा बदलत होते. १ च्या जागी कधी ७, कधी ०. डोळस माणूस बघतो आणि दाबतो. मला बघता येत नाही आणि फोनला सांगायची मनाई केलेली.

दुसऱ्या दिवशी वीजबिलाची शेवटची तारीख होती. मी मुलीला जवळ बसवलं, तिच्या कानात पिन सांगितला आणि तिनं तो टाकला. काम झाल्यावर ती म्हणाली, "आई, मी कुणाला सांगणार नाही हं."

अकरा वर्षांच्या मुलीनं आईला हे वचन द्यावं लागलं. रात्री मला झोप लागली नाही. तिच्यावर माझा विश्वास आहे, प्रश्न तो नाहीच. माझ्या खात्यात किती आहेत, महिनाअखेरीला किती उरतात, आजीला यंदा कमी का पाठवले, हे ओझं त्या वयात तिच्या डोक्यावर का यावं? आणि पिन बदलायचा म्हटलं तरी पुन्हा तिच्याच बोटांनी, कारण पिन बदलायच्या पानावरही तोच मुका कीपॅड.

ग्राहक सेवेला फोन केला. पंचवीस मिनिटांनी जे सभ्य गृहस्थ बोलले त्यांनी सल्ला दिला, "मॅडम, घरातल्या कुणाची तरी मदत घ्या ना." त्याच आठवड्यात त्याच बँकेचा संदेश आला होता की आपला पिन कुणालाही, अगदी घरच्यांनाही सांगू नका. मी या दोन्ही सूचना एकाच वेळी कशा पाळू, हे तुम्हीच मला सांगा. बँकेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या ओळखीच्या अंध मंडळींना विचारलं तर प्रत्येकाचं खातं वेगळीकडे आणि गोष्ट थोड्याफार फरकानं हीच. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

तुमच्यातल्या अनेकांना प्रामाणिकपणे वाटत असेल की गुळगुळीत काचेचा फोन आंधळ्या माणसाला चालणारच कसा. एके काळी आम्हालाही तसंच वाटलं होतं. माझा पहिला बोलणारा फोन बटणांचा होता. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. अंगठा तिथे टेकला की बाकीचे आकडे आपोआप हाताखाली येतात. बोलणारं सॉफ्टवेअर वेगळे पैसे देऊन विकत घ्यावं लागायचं, तरी घेतलं. मग काचेचे फोन आले आणि पाचवरचा तो उंचवटा गेला. आमच्या वसतिगृहातल्या जुन्या मैत्रिणी तेव्हा म्हणायच्या, आता आपलं संपलं.

संपलं नाही, कारण काही लोकांनी वेळीच विचार केला. २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये पडदा वाचून दाखवणारा व्हॉइसओव्हर आला, त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आला. २०११ च्या अँड्रॉइड ४.० पासून काचेवर बोट फिरवून खाली काय आहे ते ऐकता येऊ लागलं. यासाठी वेगळा फोन लागत नाही, वेगळे पैसे लागत नाहीत. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही हे असणार. एकदा स्पर्श केला की फोन त्या जागेचं नाव सांगतो, दोनदा टकटक केलं की ते बटन दाबलं जातं. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. एवढ्या चार हालचाली आल्या की माणूस फोन वापरू शकतो. मी आमच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या, साठीत दृष्टी गेलेल्या एका काकांना हे आठवडाभरात शिकवलं आहे.

या कामात एक नाव आपल्या पुण्याचं आहे आणि ते तुमच्या तंत्रज्ञांना माहीत असावं असं मला फार वाटतं. टी. व्ही. रामन. पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूनं दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणित, मग मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र, पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट. गूगलमध्ये असताना न पाहता टचस्क्रीन कशी वापरता येईल यावर त्यांनी चार्ल्स चेन या सहकाऱ्यासोबत काम केलं. काचेवर नंबर फिरवायची त्यांची युक्ती ऐका. बोट काचेवर जिथे टेकेल ती जागा ५. तिथून वर डावीकडे सरकवलं की १, खाली उजवीकडे सरकवलं की ९. आकडा शोधायचाच नाही, तो बोटाखालीच येणार. आमचा हरवलेला पाचवरचा उंचवटा त्या माणसानं काचेवर परत आणून दिला, आणि तेही पंधरा वर्षांपूर्वी. असं असताना आज एका मोठ्या बँकेच्या ॲपमध्ये मला चार आकडे टाकता येत नाहीत, याला तंत्रज्ञान कमी पडलं असं मी कसं म्हणू?

आमच्या घरी फोनची किंमत काय आहे तेही सांगते. माझ्या यजमानांना १९९८ मध्ये अपंगांच्या सवलतीतून एसटीडी-पीसीओचा बूथ मिळाला होता. बूथ चांगला चालायचा. मोबाइल आले आणि तो धंदा बसला. मग त्यांनी त्याच जागी वह्या-पेनं, लिफाफे, बिस्किटं ठेवायला सुरुवात केली. पण दुकान म्हटलं की नोटा आल्या. जुन्या नोटा हातानं ओळखू यायच्या. नव्या मालिकेतल्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या तिन्ही नोटांची रुंदी ६६ मिलिमीटर, आणि लांबी १४२, १४६, १५०. चार-चार मिलिमीटरच्या फरकावर, समोर गिऱ्हाईक उभं असताना, घडी पडलेली नोट ओळखायची. रिझर्व्ह बँकेनं २०२० च्या जानेवारीत मणी नावाचं नोटा ओळखणारं ॲप काढलं, त्याचे आम्ही आभारी आहोत, पण दर नोटेला फोनचा कॅमेरा धरणं गर्दीच्या वेळी जमत नाही. पाचशे समजून शंभराची नोट घेतल्याचे प्रसंग त्यांच्यावर कितीदा आले, त्याची गणती आम्ही सोडून दिली.

यूपीआय आलं आणि हे थांबलं. त्यातही सुरुवातीला लोक मोबाइलचा पडदा समोर धरून "पाठवले बघा" म्हणायचे. बघणार कोण? मग पैसे आले की मोठ्यानं सांगणारा साउंडबॉक्स आला. तो काही अंध दुकानदारांसाठी बनवलेला नव्हता, पण आमच्यासाठी तो फार मोठा आधार झाला. रक्कम कानावर पडते, गिऱ्हाइकालाही ऐकू येते, वाद उरत नाही. ज्या मोबाइलनं माझ्या यजमानांचा बूथ बंद पाडला, त्याच मोबाइलनं त्यांचं दुकान उभं केलं. म्हणून ॲप बिघडलं की आमची नुसती गैरसोय होत नाही, आमची चूल त्यावर पेटते.

आता तक्रारी. मुक्या कीपॅडची सांगून झाली, ती सगळ्यात मोठी. बाकीच्या अशा.

बटणांना नावं नसतात. डोळस माणसाला घराचं चित्र, घंटेचं चित्र, बाणाचं चित्र दिसतं. आम्हाला ऐकू येतं, "अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन." यातलं पैसे पाठवायचं कोणतं आणि खातं बंद करायचं कोणतं? प्रत्येक चित्राला नाव द्यायची सोय अँड्रॉइडमध्येही आहे आणि आयफोनमध्येही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं एक ओळ लिहायची असते. टॉकबॅकमध्ये आमच्या आम्हीही काही बटणांना नावं देऊ शकतो. मी तशी दिली होती, मुलीला एकेक चित्र विचारून. तुमच्या अपडेटमध्ये ती पुसली गेली.

ॲप उघडल्या उघडल्या कर्जाची किंवा क्रेडिट कार्डाची जाहिरात सगळा पडदा झाकते. ती बंद करायची फुली कोपऱ्यात कुठेतरी असते आणि तिलाही नाव नसतं. कधी टॉकबॅकला ती जाहिरात सापडतच नाही. तो मागचं पान वाचत राहतो आणि दोनदा टकटक केलं की काहीच होत नाही, कारण वर जाहिरात बसलेली. मी एकदा अशा वेळी कर्जाच्या अर्जात शिरले आणि बाहेर यायला फोनच बंद करावा लागला.

वेळेची मर्यादा. आम्ही पान ऐकून समजतो, त्याला बघण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ओटीपी यायचा, संदेशात जाऊन ऐकायचा, लक्षात ठेवायचा, परत ॲपमध्ये येऊन टाकायचा. तोवर "वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा."

अल्पदृष्टी असलेल्यांची गोष्ट वेगळी आणि तितकीच त्रासाची. फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवलं तरी तुमचं ॲप ते जुमानत नाही, आणि पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ही आता फॅशन झाली आहे. वेबवरच्या जागतिक निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक असावा असं लिहिलेलं आहे. तेवढं पाळलं तरी उन्हात उभं राहून फोन बघणाऱ्या डोळस माणसालाही बरं पडेल.

घरबसल्या केवायसी करताना समोरून सांगतात, डोळ्यांची उघडझाप करा. माझा डावा डोळा कृत्रिम आहे. उजव्याची पापणी पुरती मिटत नाही. मी जिवंत माणूस आहे हे सिद्ध करायला दुसरा मार्गच तुम्ही ठेवलेला नाही. माझ्या एका मैत्रिणीला "चेहरा चौकटीत आणा" असं अर्धा तास सांगत होते. चौकट कुठे आहे, ती डावीकडे आहे की वर, हे एकदाही बोलून सांगितलं नाही.

आणि दुकानातली कार्ड घासायची नवी यंत्रं. पूर्वी त्यांना खरी बटणं होती, पाचवर उंचवटा होता. आता अनेक ठिकाणी सपाट काच आली. पिन दुकानदाराला सांगा, नाहीतर कार्ड वापरू नका. मी वापरणं सोडलं.

या सगळ्यावर तुमच्याकडून एक उत्तर नेहमी येतं, सुरक्षा. ते मी गांभीर्यानं घेते, कारण फसवणुकीची भीती आम्हाला तुमच्यापेक्षा कमी नाही. पडद्यावरचं वाचायची जी परवानगी टॉकबॅकला लागते, तीच परवानगी मिळवून चोरटी ॲप्स लोकांचे पैसे पळवतात, हे खरं आहे. म्हणून काही ॲप्सनी सरसकट उपाय केला. अशी परवानगी असलेलं काहीही फोनमध्ये सुरू दिसलं की संदेश येतो, "तुमच्या फोनमध्ये धोकादायक ॲप आहे, ते बंद करा." ते "धोकादायक ॲप" म्हणजे माझा टॉकबॅक. तो बंद केला की माझ्या हातात उरते एक काचेची पाटी.

चोर आणि अंधाची काठी यांतला फरक ओळखायची सोय आज आहे, हे तुमच्या तंत्रज्ञांनी तुम्हाला सांगितलं आहे का, मला माहीत नाही, म्हणून मी सांगते. अँड्रॉइड १२ पासून, अपंगांच्या मदतीसाठीच बनवलेल्या साधनाला तशी स्वतःची नोंद करता येते, आणि ती नोंद कुणी लावावी यावर प्ले स्टोअरचे नियम आहेत. अँड्रॉइड १४ पासून तुमच्या ॲपला ठरवता येतं की पिनसारखी नाजूक माहिती फक्त अशाच साधनांना दिसेल, बाकी कुणाला नाही. म्हणजे चोराला दार बंद आणि आम्हाला उघडं, हे शक्य आहे. टॉकबॅक तर बहुतेक फोनमध्ये कारखान्यातूनच येतो.

"आकडे मोठ्यानं बोलले तर शेजारचा ऐकेल" हीही शंका मी ऐकली आहे. आम्ही एका कानात इअरफोन घालतो. पडदा काळा करून फोन वापरायची सोयही आहे आणि आमच्यातले पुष्कळ जण ती वापरतात. बसमध्ये शेजारी बसून डोकावणाऱ्याला तुमचा पिन दिसू शकतो, आमचा नाही. आमचा पिन बाहेर फुटतो तो फक्त तुमच्या मुक्या कीपॅडमुळे, कारण तो टाकायला आम्हाला दुसरं माणूस बोलवावं लागतं.

हल्ली कुणी म्हणतं, आता कॅमेऱ्यातून बघून सांगणारी ॲप्स आहेत, स्वयंसेवकही आहेत. आहेत, आणि औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचून घ्यायला मी बी माय आईज हे डोळस स्वयंसेवकांशी व्हिडिओवर जोडून देणारं ॲप आवर्जून वापरते. पण अनोळखी माणसाला मी बँकेचा पडदा दाखवायचा का?

कायद्याचंही थोडक्यात लिहिते, कारण ही दया मागायची बाब नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. त्याच्या १३ व्या कलमात स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळायचा हक्क इतरांच्या बरोबरीनं दिलेला आहे. ४२ वं कलम माहिती तंत्रज्ञान आमच्यापर्यंत पोहोचण्याबद्दल आहे. ८९ व्या कलमात दंड आहे, पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० ते ५ लाख. ॲप आणि संकेतस्थळं कशी असावीत याचं आयएस १७८०२ हे भारतीय मानक २०२३ मध्ये नियमांत आलं. रिझर्व्ह बँकेनं तर २००८ मध्येच बँकांना सांगितलं होतं की दृष्टिहीन ग्राहकाला कोणतीही सेवा नाकारता येणार नाही, आणि १ जुलै २०१४ पासून बसणारं प्रत्येक नवं एटीएम बोलणारं आणि ब्रेल कीपॅडचं असावं असाही आदेश दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिका होत्या, विषय केवायसीचाच. न्यायालयानं म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि २० निर्देश दिले. त्यात उघडझापेशिवाय इतर मार्ग आहेत, ठरावीक काळानं ॲपची तपासणी आहे. त्यानंतर जुलैमध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना तशी तपासणी करायला सांगितलं. माझ्या ॲपचं ते अपडेट या सगळ्यानंतरचं आहे.

२०११ च्या जनगणनेत या देशात दृष्टिदोष असलेली माणसं ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यात आमच्या कार्यालयातल्या निवृत्त काकांसारखे, म्हातारपणी दिसेनासं झालेले लोक दर वर्षी मिळतात. त्यातले किती तुमचे खातेदार आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

माझ्या मागण्या या आहेत.

पिनचा कीपॅड टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हरला वाचू द्या. आकड्यांची जागा बदलायची तर बदला, पण बोटाखाली कोणता आकडा आहे ते इअरफोनमध्ये ऐकू आलं पाहिजे. टॉकबॅक सुरू आहे म्हणून ॲप बंद पाडणं आजपासून थांबवा. प्रत्येक बटणाला, प्रत्येक फुलीला नाव द्या, आणि ॲप मराठीत असेल तर नाव मराठीत द्या. "ओके" आणि "कॅन्सल" आम्हाला कळतं, पण आईच्या वयाच्या अंध बाईला फक्त मराठी कळत असेल तर तिलाही तिचं खातं चालवता आलं पाहिजे. वेळ संपायच्या आधी "आणखी वेळ हवा का" असं विचारा. केवायसीत उघडझापेला पर्याय द्या आणि यंत्रानं नाकारलेला अर्ज माणसानं पुन्हा पाहावा.

यातली सर्वांत महत्त्वाची मागणी वेगळी लिहिते. कोणतंही अपडेट लोकांपर्यंत जायच्या आधी अंध माणसाच्या हातात द्या, पगार देऊन. डोळे बांधून पाहिलेल्या डोळस माणसाच्या हातात नव्हे. माझं ॲप पाच वर्षं चाललं आणि एका रात्रीत बंद पडलं. ज्या दिवशी ते अपडेट बाहेर पडलं, त्याच्या आदल्या दिवशी एकाही अंध माणसानं ते उघडून पाहिलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. एकदा दुरुस्त करून चालत नाही, दर वेळी तपासावं लागतं. रिझर्व्ह बँकेला माझी विनंती आहे की एटीएमसाठी २०१४ मध्ये जशी ठाम तारीख घातली, तशीच ॲपच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी अट घालावी. दृष्टिहीनांना चालते याची खात्री झाल्याशिवाय आवृत्ती बाहेर पडू नये.

आणि ग्राहक सेवेत किमान एक माणूस असा ठेवा ज्याला टॉकबॅक म्हणजे काय ते माहीत आहे. "घरातल्या कुणाची मदत घ्या" हे उत्तर पुन्हा कुणाला देऊ नका. आमच्या घरात ते "कुणी" सहावीतलं मूल आहे. पुष्कळ अंध माणसं तर एकटीच राहतात.

तुमच्या तंत्रज्ञांना शिकायचं असेल तर मी यायला तयार आहे. साताऱ्यात, पुण्यात, मुंबईत, जिथे म्हणाल तिथे. सोबत माझी आणखी चार-पाच मंडळी येतील. फोन आमचे आम्ही आणू. दोन तास शेजारी बसून आम्ही ॲप कसं वापरतो ते फक्त ऐका. कुठे अडतो ते त्यांना लगेच कळेल. दुरुस्ती किती छोटी आहे, तेही त्यांच्या लक्षात येईल.

सध्या आम्ही असं भागवतो आहोत. माझ्या यजमानांचं खातं त्याच बँकेत आहे आणि त्यांच्या फोनमध्ये अजून जुनी आवृत्ती आहे. तिच्यातला कीपॅड बोलतो. मी रजा टाकून शाखेत गेले, माझ्या पगारातले पैसे त्यांच्या खात्यात वळवून घेतले, आणि घरातली सगळी बिलं आता ते दुकान बंद करून आल्यावर रात्री भरतात. त्यांच्या फोनवर रोज सूचना येते आहे की ही आवृत्ती लवकरच बंद होणार, अपडेट करा. ते रोज "नंतर" दाबतात. जुनं बंद करायच्या आधी नव्यातला कीपॅड दुरुस्त करा आणि किती तारखेपर्यंत कराल ते जाहीरपणे कळवा.

आपली,
एक खातेदार
सातारा